न जन्मलेल्या मामाचं सुतक

"पण मेलाय कोण?"

"मामा."

"कुणाचा मामा?"

"माझाच, एतेते. दुसऱ्या कुणाचा असणार?"

"तुला मामा नाही, शिबेशी. तुझ्या आईला पाच बहिणी. मेन्झला गेले होते तेव्हा पाचही पाहिल्यात मी, आणि पाचही एकीपेक्षा एक भांडकुदळ. त्यांच्यात एखादा भाऊ असता तर त्याचा जीव कधीच गेला असता, इतकी वर्षं माझी वाट बघत थांबला नसता."

"म्हणून तर मामा बरा म्हणतो मी. या वस्तीत कुणी पाहिलेलाच नाही."

देब्रितूने तव्यावरच्या कॉफीच्या बिया अशा जोरात हलवल्या की दोन उडून शिबेशीच्या मांडीवर पडल्या. त्याने हूं की चूं केलं नाही. कामासाठी आलेला माणूस चटका बसला तरी गप्प बसतो.

"हे बघ," ती म्हणाली, "बावीस वर्षं रडतेय मी या गुलेलेत. चिकट माणूस मेला, मी त्याला दानशूर केला. बायकोला बडवणारा मेला, मी त्याला कोकरू केला. एका दारुड्याला तर मी असा काही संत करून सोडला की त्याची बायको मला बाजूला घेऊन विचारते, एतेते, तुम्ही चुकून दुसऱ्याच्या घरी तर आला नाहीत ना? पण माणूस मेला होता! दर वेळी खरोखर मेला होता. एवढी एकच अट आहे माझी."

"एतेते, ऐका तरी. पाच टॅक्सीवाले एकत्र दिसले की उचलतात. कॉफीच्या दुकानात बसायची सोय नाही, चर्चच्या भिंतीला टेकायची सोय नाही. पेट्रोल वाढवून ठेवलंय, आणि भाडं वाढवाल तर परवाना जाईल म्हणतात. सोमवारी सगळ्या शहरातल्या टॅक्सी बंद ठेवायच्यात. पण सगळ्यांनी बसून ठरवायचं कुठे? चाळीस माणसं तीन दिवस मांडीला मांडी लावून कुजबुजतील आणि पोलीस आला तर तो टोपी काढून उभा राहील, अशी जागा या शहरात एकच आहे."

"सुतकाचा तंबू."

"सुतकाचा तंबू," शिबेशी म्हणाला.

"आणि तंबू कुणाचा? इदिरचा. आणि इदिरचे अध्यक्ष कोण?"

"आतो गेब्रेयेस," शिबेशी म्हणाला, दुखऱ्या दाढेवर जीभ जावी तसा.

वस्तीत देब्रितूला सगळे एतेते म्हणत, मोठी बहीण. तिच्याहून वयाने मोठ्या बायकासुद्धा म्हणत, आणि त्यावरून तिचे त्यांच्याशी खटके उडत. उंच, सडपातळ, पुढचा एक दात नसलेली बाई. त्या फटीतून तिचा आवाज असा काही बाहेर पडायचा की कोपऱ्यावरचा कुत्रा आधी रडायला लागायचा. कुणी मेलं की ती तंबूच्या मधोमध उभी राहायची, मेलेल्याचा कोट किंवा ओढणी हातात धरायची आणि त्याच्या नावाने कडवी रचत जायची. प्रत्येक कडव्याला बायका छाती बडवायच्या. तिने रडवलं नाही असं मरण गुलेलेत मरण धरलं जात नसे.

आणि मरण पार पाडायचं ते इदिरने, वस्तीच्या मयत-मंडळाने. महिन्याच्या पहिल्या रविवारी वर्गणी द्यायची. मग आपली पाळी आली की तंबू, बाकडी, मोठी पातेली, खड्डा खणणारे, खांदा देणारे, सगळं आपसूक दारात येतं आणि तीन दिवस शेजारणी जेवण आणतात. देब्रितूचा नवरा कोरियाच्या लढाईवर गेला तो परत आलाच नाही, आला तो एक कागद. त्याच्यासाठी इदिरने तंबू घातला, त्याचा जुना कोट मधे ठेवला, आणि तिने पहिल्यांदा कडवी म्हटली. तेव्हापासून बावीस वर्षांत तिने एक रविवार चुकवला नव्हता. मूलबाळ नाही, बहीणभाऊ नाही. आपण मेल्यावर रडायला आपण स्वतः काही हजर नसणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणून इदिरच्या वहीतलं आपलं नाव ती दर महिन्याला बोट ठेवून बघायची. वाचता येत नव्हतं, पण जागा माहीत होती. डावं पान, खालून चौथं.

त्या वहीचा एक नियम होता. मरणाची खोटी बातमी दिली, की नाव खोडलं. एका बहाद्दराने बाकडी आणि पातेली मिळावीत म्हणून आपल्या सासूला एका वर्षात दोनदा मारली, तेव्हा आतो गेब्रेयेसनी हा नियम स्वतःच्या हाताने लिहिला होता. सासू अजून ठणठणीत होती. जावयाला मात्र मेल्यावर भाड्याने माणसं आणावी लागली.

देब्रितूने पहिला कप ओतला तेव्हा ती साफ नाही म्हणाली. शिबेशी कपावर फुंकर घालत राहिला. कॉफीचे तीन कप होईपर्यंत उठायचं नसतं, आणि तो काही घाईत नव्हता.

दुसऱ्या कपाला तिने विचारलं, "नाव काय म्हणालास त्याचं?"

"नाव मी ठेवलेलंच नाही. तुम्ही ठेवा."

तिथेच ती फसली. बावीस वर्षांत तिला जो जो मेलेला मिळाला तो नातेवाइकांसकट मिळाला होता. कडवं ऐन रंगात आलं की कुणीतरी ओढणी ओढायचं. 'एतेते, आमचे वडील तेल्लाची दारू पीत नव्हते हं.' 'खेचर करडं होतं, पांढरं नाही.' 'धाकट्या सुनेचं नाव नका घेऊ, बोलत नाही आम्ही तिच्याशी.' आणि आता हा एक मेलेला, ज्याला मागेपुढे कुणी नाही. नाक म्हणाल तसं नाक. खेचर म्हणाल त्या रंगाचं.

"नादेव," ती म्हणाली. "रुंद खांद्याचा. गाणारा."

"वा!"

"वा काय मेल्या, मामा गेलाय तुझा. बायको?"

"ठेवू या एक."

"नको, बायको आली की तिचं माहेर येतं. एकटाच बरा. आणि मेला कुठे? लांब पाहिजे. आतो गेब्रेयेसला चौकशी करता येणार नाही इतकं लांब."

"वेल्लो," शिबेशी म्हणाला. "तिकडून हल्ली कुणी येत नाही आणि तिकडे कुणी जात नाही."

"वेल्लो," ती म्हणाली, आणि तिसरा कप ओतला. तो संपला तेव्हा मामा डोक्यापासून टाचेपर्यंत तयार होता, आणि त्याचा एक गुडघा थंडीत दुखायचा.

मरणाची बातमी आमच्यात एकट्याला देत नाहीत. घरच्या माणसाला कळण्याआधी ती सगळ्या वस्तीला कळते. सगळे तोंडाला कुलूप लावून बसतात, आणि मग एका पहाटे जमून, ओढण्या आवळून त्याच्या दाराशी जातात. दार वाजवायचं, ते उघडायचं, वडीलधाऱ्याने नाव घ्यायचं, आणि मग सगळ्यांनी एकदम हंबरडा फोडायचा, म्हणजे त्याला एकट्याने रडावं लागत नाही. ज्याचं माणूस गेलं त्याला तोवर काहीएक माहीत नसावं लागतं. शिबेशीच्या बाबतीत नेमकी हीच पंचाईत होती. त्याला जरा जास्तच माहीत होतं.

देब्रितूने बातमी वस्तीत पसरवली, आणि शनिवारी पहाटे पन्नासेक माणसं त्याच्या दाराशी उभी. निलगिरीच्या सरपणाचा धूर, थंडी, कुणी खोकतसुद्धा नव्हतं. आतो, म्हणजे श्रीयुत, गेब्रेयेस सगळ्यांच्या पुढे. ते राजवाड्याच्या तबेल्यात कारकून होते आणि सम्राटांच्या प्रत्येक घोड्याचं नाव आणि वंशावळ त्यांना पाठ होती. माणसांच्या बाबतीत जरा गोंधळ व्हायचा. त्यांनी घसा साफ केला, हात वर केला आणि दारावर एकदा टकटक केली.

आतून शिबेशीने टाहो फोडला, "वाये! वाये! माझे मामा!"

आतो गेब्रेयेसचा हात हवेत राहिला. "मी अजून सांगितलंच कुठे?"

"वाये, वेल्लोत एकटे गेले!"

"मामा हे याला कुणी सांगितलं? आणि वेल्लो?"

पन्नास माणसांनी देब्रितूकडे पाहिलं. देब्रितूने मनातल्या मनात शिबेशीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"रक्ताला कळतं, आतो गेब्रेयेस," ती म्हणाली. "रात्रभर त्याला झोप नसेल. तुम्हाला कसं कळणार, तुमचे सगळे जिवंत आहेत." मग तिने वर जोडलं, "आणि सगळे तुमच्याच घरी राहतात."

मागे कुणाला तरी हसू आलं आणि त्याने ते हुंदक्यात घातलं. आतो गेब्रेयेसनी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तोच देब्रितूने असा सूर लावला की तो प्रश्न त्यांनाच ऐकू आला नाही. दार उघडलं. शिबेशी बाहेर येऊन जमिनीवर कोसळला, आधी जागा बघून, जिथे चिखल नव्हता तिथे.

दुपारपर्यंत तंबू उभा राहिला आणि गल्लीच्या टोकापासून ओढ्याच्या पुलापर्यंत निळ्या-पांढऱ्या टॅक्सींची रांग लागली. गेब्रेयेस वही बगलेत मारून ती रांग मोजून आले.

"चव्वेचाळीस," ते म्हणाले. "या नादेवला इतके टॅक्सीवाले कसे ओळखत होते?"

"प्रवासाची आवड होती त्याला," देब्रितू म्हणाली.

"वेल्लोतून?"

"खेचरावरून. वाटेत कुणी चालताना दिसलं की मागे बसवून घ्यायचा. त्याच धंद्यातला म्हणायचा."

तंबूत चव्वेचाळीस टॅक्सीवाले खांद्यावर पांढऱ्या ओढण्या घेऊन, माना खाली घालून बसले होते. घुगऱ्यांची ताटली एका हातातून दुसऱ्या हातात जायची आणि ताटलीबरोबर बोलणंही.

"सोमवारपासून मोठा उपवास," एक पुटपुटायचा.

"गाड्यांचाही," दुसरा.

"स्टेशनवाले?"

"तेही धरणार. बाजारवाले संध्याकाळी सांगतात."

"आणि मधेच कुणी जेवला तर?"

"त्याची टायरं खिळे जेवतील."

गेब्रेयेस जवळून गेले की चव्वेचाळीस गळ्यांतून एकदम निघायचं, "वाये, नादेव!" ते पुढे सरकले की पुन्हा कुजबुज. तीनचार फेऱ्यांनंतर गेब्रेयेस बिचारे अगदी हेलावले. इतका मान त्यांनी फक्त सम्राटांच्या पांढऱ्या घोड्याला मिळालेला पाहिला होता.

दुपार कलली तसा हवालदार अस्रात आला. इतक्या टॅक्सी कशासाठी, एवढंच बघायला त्याला पाठवला होता. तंबू पाहिला, टोपी काढली, मागच्या बाकड्यावर बसला. कुणीतरी त्याच्या हातात घुगऱ्या दिल्या. कुजबुज थांबली आणि चव्वेचाळीस डोळे देब्रितूकडे वळले, बाकीचे चव्वेचाळीस हवालदाराकडे. आता खरं रडणं पाहिजे होतं.

देब्रितू उठली. शिबेशीने मामाचा म्हणून आणलेला कोट तिने दोन्ही हातांवर घेतला. त्याला पेट्रोलचा वास येत होता. ती मधोमध गेली आणि तिने मामाला मोकळा सोडला.

"खेचर आलं दारी, खोगीर मोकळं,
विचारतं वाटेला, धनी कुठं राहिलं!"

बायकांनी छाती बडवली. शिबेशी सुद्धा आता बऱ्यापैकी रडायला शिकला होता.

"नादेवा, तुझ्या गाण्याला डोंगर द्यायचे साद,
आता डोंगर पुसतात, का रे थांबला नाद!"

मजा येत होती. इतकी मजा तिला कित्येक वर्षांत आली नव्हती. कुणी ओढणी ओढत नव्हतं, कुणी खेचराचा रंग दुरुस्त करत नव्हतं. मामा तिच्या तोंडून असा भरभर मोठा होत होता की तंबूत मावेना. मग सवयीने तिने ते भाकरीचं कडवं घेतलं, जे ती प्रत्येक दिलदार आणि बेदिलदार मेलेल्यासाठी घेत आली होती. गुलेलेत ते शंभरदा तरी म्हणून झालं असेल.

"एका इंजेऱ्याचे त्याने केले सात घास,
सात दारी वाटले, आपण केला उपास!"

छाती बडवल्याचा आवाज आला नाही.

तिला वाटलं, सूर घसरला. तिने पुन्हा म्हटलं. बायका नुसत्या बघत होत्या. मग तेल्ला विकणारी अल्गानेश उठली, जाडजूड, सदा कमरेवर हात ठेवून भांडणारी, आणि थेट तिच्यापाशी आली. दुसऱ्याच्या तंबूत आपलंही माणूस आठवलं तर रडणारीच्या कानात त्याचं नाव सांगायचं, मग ती त्याच्यासाठीही एक कडवं घेते, ही जुनीच रीत. अल्गानेशने तिच्या कानाला तोंड लावलं.

"मुनिते. माझी बहीण. वेल्लोत, कोंबोल्चाच्या वर."

"कधी गेली?" देब्रितूने ओठ न हलवता विचारलं.

"मागच्या पेरणीला. पेरणी झालीच नाही म्हणा. सांगायला कुणी आलंच नाही, एतेते. सगळं गावच उठलं, मग दार वाजवायला येणार कोण? एका ट्रकवाल्याकडून कळलं मला, भर बाजारात, हातात कांदे होते."

"काय करायची ती?"

"टोपल्या विणायची."

देब्रितूने मुनितेला घेतलं. टोपली विणायला बसलेली, दोरा संपला, टोपली अर्धी. आता छाती बडवल्याचा असा आवाज उठला की तंबूचा खांब हलला. अजून एक बाई उठली. सईद, दीर, मध काढायचा. मग एक म्हातारा, जो कधी कुणाशी बोलत नसे. मग दोन टॅक्सीवाले, जे कालपर्यंत अस्सल इथलेच असल्याच्या शपथा घेत. तिच्या दोन्ही कानांत आलटून पालटून नावं येत होती. शिबेशीचा मामा कधीच मागे पडला होता, त्याचा कोट तेवढा तिच्या हातांवर होता.

गेब्रेयेस घाईघाईने आत शिरले. "थांबवा हे," ते दात आवळून म्हणाले. "वहीत एकच मेलेला आहे. वेल्लोत कुणी उपाशी मेलेलं नाही. रेडिओवर तसं काही सांगितलेलं नाही."

"मग रेडिओला बोलवा," देब्रितू म्हणाली. "येईल आणि रडेल. माझा घसा बसत आलाय."

"मागे हवालदार आहे, बाई! हवालदार!"

तिने वळून पाहिलं. हवालदार बाकड्यावर नव्हता. तो तिच्या उजव्या हाताला उभा होता, टोपी मुठीत चुरगळलेली. झालं, तिच्या मनात आलं, आता मला उचलणार आणि त्याआधी वहीतून खोडणार. मरण आलं तर कोठडीत येवो, निदान तिथे सरकारी खर्चाने पुरतात.

अस्रातने वाकून तिच्या कानात सांगितलं, "यिमेर. बाप माझा. दोन बैल होते त्याचे, आधी ते गेले."

तिने यिमेरला घेतलं, बैलांसकट. गेब्रेयेस वही छातीशी धरून उभेच राहिले.

संध्याकाळपर्यंत एकोणीस नावं झाली. मजा कधी संपली ते तिला नेमकं सांगता आलं नसतं.

सोमवारी शहरात एकही टॅक्सी धावली नाही. पुढच्या चार दिवसांत मास्तर लोक बाहेर पडले, मग विद्यार्थी, मग बसवर दगड. पेट्रोल खाली आलं, आणि दुसऱ्या आठवड्यात मंत्रीसुद्धा खाली आले. शिबेशी गल्लीतून छाती काढून चालू लागला. वस्तीतल्या बायका देब्रितूला पाहून आपापल्या वाटीतलं काहीतरी पुढे करायच्या, उपवासाचं. ती घ्यायची आणि म्हणायची, "मीठ कमी आहे," म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा देतील.

मग महिन्याचा पहिला रविवार आला.

चर्चमागच्या इदिरच्या खोलीत त्या दिवशी बसायला जागा नव्हती. गेब्रेयेस टेबलामागे, समोर उघडी वही, डावं पान. बाजूला एक इवलीशी म्हातारी बसली होती, मेन्झच्या जाड घोंगडीत गुंडाळलेली. तिला पाहताच शिबेशी दोन माणसांच्या मागे गेला, मग तीन.

"हिला मी मेन्झहून आणवलं," गेब्रेयेस म्हणाले. "आजी, सगळ्यांना सांगा. तुमचा भाऊ नादेव, जो वेल्लोत वारला..."

"कुठला भाऊ?" म्हातारी म्हणाली. "भाऊ असता तर बापाच्या जमिनीसाठी आम्ही सहा बहिणी एकमेकींच्या झिंज्या कशाला उपटल्या असत्या? आणि शिबेशी कुठे आहे? लपू नको, तुझी टाळू दिसतेय मला."

खोलीत हशा पिकला. देब्रितूही हसली, दाताच्या फटीतून. मग उठून उभी राहिली.

"मामा माझा," ती म्हणाली. "मी केला. शिबेशी त्यात फक्त कॉफी प्यायला. नाक मीच बसवलं, गुडघाही मीच दुखवला. चांगला होता बिचारा. याहून चांगला मेलेला माझ्या हातून पुन्हा होणार नाही."

पुन्हा हशा. गेब्रेयेस हसले नाहीत. त्यांनी टाक उचलला, शाईत बुडवला, आणि तसाच हवेत धरला. शाईचा एक थेंब टेबलावर पडला.

"नियम सगळ्यांना माहीत आहे," ते म्हणाले. "बावीस वर्षं, बाई, वैझेरो देब्रितू. एक रविवार चुकवला नाहीत तुम्ही. तुमचं नाव खोडताना मला आनंद होईल असं वाटतं का तुम्हाला?"

"थोडासा," कुणीतरी मागून म्हणालं.

"गप्प! एक वाट आहे." त्यांनी आवाज उतरवला. खोली पुढे झुकली. "माझ्याकडे वाड्यावरून विचारणा झालीय. त्या तंबूत काय काय म्हटलं गेलं, कुणाकुणाची नावं घेतली गेली. मी एक कागद लिहिणार आहे. तुम्ही इथे, सगळ्यांसमोर, एवढंच म्हणायचं: त्या दिवशी जे रडले ते सगळं खोटं. मामा खोटा, तशीच ती एकोणीस नावंही खोटी, रंगाच्या भरात जोडलेली. बस. मामासाठी दंड म्हणून एक दिवस पातेली घासा. नाव जिथे आहे तिथेच राहील."

"म्हणून टाका, एतेते," शिबेशी तीन माणसांमागून म्हणाला. त्याचा आवाज घाबरलेला होता. "आम्हाला सगळ्यांना माहीत आहे काय ते. म्हणायला काय जातंय?"

खरंच, काय जात होतं? तिने मेलेल्यांबद्दल इतकं खोटं सांगितलं होतं की त्यात अजून एकाची भर कुणाला जाणवली नसती. तिने तोंडात वाक्य धरूनही पाहिलं, जसं कडवं म्हणण्याआधी धरायची. 'मामा खोटा' अलगद आलं. पुढचं दातांच्या फटीपर्यंत आलं आणि तिथे अडकलं. तिला आपला खड्डा दिसला, चर्चच्या मागच्या उतारावर, देवदाराखाली. जागा तिने स्वतः निवडून ठेवली होती, खणणाऱ्यांना दाखवूनही ठेवली होती. आता तो कोण खणणार? बाकडी कोण आणणार? या खोलीतला एकेक चेहरा तिने आपल्या सुतकाच्या तंबूत कल्पून ठेवला होता, कोण रडेल, कोण नुसता जेवायला येईल.

कॉफी ओतणारी अल्गानेश किटली हातात धरून तिच्याकडे बघत होती. तिने कमरेवर हात ठेवला नव्हता. भिंतीला टेकून अस्रात उभा होता, साध्या कपड्यांत. तो तिच्याकडे बघत नव्हता. पायांकडे बघत होता.

"बोला," गेब्रेयेस म्हणाले. "हो की नाही?"

देब्रितूने ओढणी उचलली, डोक्यावरून घेतली, तिचा काठ सुतकात घेतात तसा वर केला आणि खांद्याभोवती आवळला. मग दाराकडे चालायला लागली. माणसांनी पाय आत घेतले.

"वैझेरो देब्रितू! उत्तर द्या!"

ती चालत राहिली. जिच्याकडून आजवर वस्तीत कुणी शेवटचा शब्द जिंकू शकलं नव्हतं, ती बाई काही न बोलता चालत होती, आणि गेब्रेयेसना ते शिव्यांहून जास्त झोंबलं. ते ताडकन उठले, खुर्ची मागे पडली, आणि त्यांनी हात वर करून ती आण घातली जी ऐकून रस्त्यातला चोरही पळता पळता थांबतो आणि भांडणारे नवरा-बायको जागच्या जागी गोठतात.

"सम्राटांच्या देवाची आण! थांब!"

खोली थांबली. अल्गानेशची किटली तिरकी होती ती तिरकीच राहिली, कप भरला, ओसंडला, कॉफी बशीतून टेबलावर आणि टेबलावरून खाली गळायला लागली, आणि कुणी हललं नाही. मेन्झच्या म्हातारीने नाक पुसायला उचललेला हात नाकाशीच ठेवला. अस्रात लहानपणापासूनच्या सवयीने ताठ उभा राहिला. स्वतः गेब्रेयेसही आपल्याच आवाजाने हात वर करून गोठले होते.

दारात देब्रितूचा उजवा पाय उंबऱ्यावर उचललेला होता. आयुष्यभर तो ही आण ऐकून थांबत आला होता, आजही थांबला, हवेत, वीतभर वर. सगळे त्या पायाकडे बघत होते. एक म्हातारी टाच, भेगाळलेली, कडेला चिखल.

मग तिने तो खाली ठेवला, उंबऱ्याच्या बाहेरच्या बाजूला, आणि त्याच्यामागून दुसरा.